शंभरपर्यंत मोजता येतं का? प्रोग्रामरच्या परीक्षेची सत्तर वर्षं

ज्यांना इयरफोन लावून ऐकण्यापेक्षा बसमध्ये उभ्याउभ्या वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे विस्कळीत झालं होतं ते जरा सरळ केलंय. बाकी गप्पा त्याच.

सुरुवात एका घासून गुळगुळीत झालेल्या जोकने. बायको प्रोग्रामर नवऱ्याला सांगते, "दुकानातून दुधाची एक पिशवी आण. अंडी असतील तर सहा आण." नवरा दुधाच्या सहा पिशव्या घेऊन येतो. ती विचारते, "अरे, सहा कशाला?" तो म्हणतो, "अंडी होती ना!"

आता या जोकचा थोडा कीस पाडू. नवऱ्याचं नेमकं चुकलं काय? व्याकरण बघितलं तर काहीच नाही. "सहा आण" म्हणजे सहा काय, ते वाक्यात सांगितलेलंच नाही. माणूस ते समजून घेतो. कॉम्प्युटर घेत नाही. तो तुमचा शब्द पाळतो, तुमच्या मनातलं त्याला कळत नाही. आणि दिवसाचे आठ-दहा तास अशा यंत्राशी बोलणाऱ्या लोकांना शब्दाशब्दावर अडून बसायची सवय लागते. त्यांच्या विनोदातला खवचटपणा तिथूनच येतो. पुणेरी पाट्या लिहिणाऱ्यांना हा स्वभाव वेगळा समजावून सांगायला नको!

तर आजचा प्रश्न असा: चांगला प्रोग्रामर कोण, हे नोकरी देताना ओळखायचं कसं? प्लेसमेंटच्या तयारीत असलेल्या तुमच्यातल्या अनेकांचा हा जिव्हाळ्याचा विषय आहे. कंपन्या सत्तर वर्षं याचं उत्तर शोधतायत. त्या शोधाची गोष्ट मजेशीर आहे, आणि थोडी त्रासदायकही.

परीक्षा नव्हती तेव्हा

१९४६. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचं मूर स्कूल. तिथे एनिॲक नावाचं खोलीभर पसरलेलं यंत्र तयार झालं. त्यात जवळपास अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. तोफगोळा कुठून कसा जाईल, कुठे पडेल, याचा हिशोब करणं हे त्याचं काम.

हे यंत्र चालवायला सहा तरुणी निवडल्या होत्या. त्या आधी हाच तोफगोळ्यांचा हिशोब हाताने आणि गणनयंत्रावर करायच्या. त्यांना कोणी प्रोग्रामिंगची परीक्षा दिली नाही, कारण प्रोग्रामिंग ही गोष्टच अजून जन्माला येत होती. ना भाषा होती, ना पुस्तक. यंत्राचे नकाशे समोर ठेवून, तारा आणि स्विच जोडत त्या शिकल्या.

फेब्रुवारीत यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक ठरलं. आदल्या रात्री लक्षात आलं की प्रोग्राममध्ये गडबड आहे. गोळा जमिनीवर पडला तरी हिशोब थांबत नाही. कागदावरचा गोळा जमीन फोडून खाली चाललाय! सगळे दमून घरी गेले. त्या सहांपैकी एक, बेटी स्नायडर, सकाळी आल्या आणि सरळ जाऊन एक स्विच बदलला. रात्री झोपेत त्यांना चूक सापडली होती. फेरी एकदा जास्त फिरत होती. आज आपण ज्याला 'ऑफ बाय वन' म्हणतो, तीच ही चूक. त्यांच्या सहकारी जीन बार्टिक नंतर गमतीने सांगायच्या, की लोक जागेपणी करतात त्यापेक्षा जास्त तर्क बेटी झोपेत करते.

प्रात्यक्षिक जोरात झालं. संध्याकाळच्या जेवणाला मात्र या सहाजणींना बोलावणं नव्हतं.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. 'एक कमी की एक जास्त' हा प्रश्न आपल्याला पुन्हा भेटणार आहे. आणि कामाचं श्रेय कोणाला मिळतं, हाही.

मग आली ॲप्टिट्यूड टेस्ट

पन्नासच्या दशकात कंपन्या कॉम्प्युटर विकत घ्यायला लागल्या आणि एकदम हजारो प्रोग्रामर हवे झाले. कॉलेजात तर हा विषयच नव्हता. मग अनुभव नसलेल्या गर्दीतून माणसं निवडायची कशी?

१९५५ मध्ये आयबीएमने यावर एक उपाय काढला: प्रोग्रामर ॲप्टिट्यूड टेस्ट. तिच्यात होतं काय? आकड्यांची मालिका, पुढचा आकडा ओळखा. आकृत्यांमधलं नातं ओळखा. आणि अंकगणिताची शाब्दिक उदाहरणं.

ओळखीचं वाटतंय ना? आजही आपल्याकडे कॅम्पस प्लेसमेंटच्या पहिल्या फेरीत हेच तर असतं. आर. एस. अग्रवालांचं ते जाड पुस्तक ज्याच्या टेबलावर नाही, असा हॉस्टेलचा मजला दाखवा! पाण्याच्या टाक्या, बोटी, प्रवाहाचा वेग, 'सहा माणसं एक काम आठ दिवसांत करतात'. तुम्हाला कधी प्रश्न पडला असेल की जावा लिहायच्या नोकरीसाठी बोटी का मोजायच्या, तर त्याच्या उत्तराची एक मुळी या १९५५ च्या परीक्षेपर्यंत जाते.

आयबीएमची परीक्षा प्रचंड पसरली. साठच्या दशकात लाखो लोकांनी ती दिली. बाकीच्या कंपन्यांनीही तीच किंवा तिच्यासारखी घ्यायला सुरुवात केली. पण ही परीक्षा खरंच चांगले प्रोग्रामर निवडते का, हे तपासलं तेव्हा निकाल फार काही उत्साहाचा नव्हता. ट्रेनिंगमधल्या मार्कांशी तिचा काहीसा मेळ बसायचा. नोकरीतल्या प्रत्यक्ष कामाशी फारच कमी. म्हणजे काय, तर परीक्षेत चांगला असलेला माणूस पुढच्या परीक्षेत चांगला ठरायचा.

तरी ती चालू राहिली. का? कारण स्वस्त होती, एकाच वेळी हजार जणांना देता यायची, आणि शेवटी एक आकडा हातात पडायचा. निर्णय चुकला तरी साहेबाला सांगता यायचं, "सर, स्कोअर बघूनच घेतला होता."

माणसं न आवडणारी माणसं

यापुढचा प्रकार जास्त गंभीर आहे. सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन नावाची एक मोठी अमेरिकन संस्था होती. हवाई संरक्षणाच्या यंत्रणेसाठी ती प्रोग्राम लिहायची. साठच्या दशकात तिने विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांना काम दिलं: आनंदी प्रोग्रामर कसा असतो ते सांगा. त्यांनी १,३७८ प्रोग्रामर तपासले. त्यात बायका फक्त १८६.

१९६६ साली निष्कर्ष आला. प्रोग्रामरना कोडी सोडवायला आवडतात. इथवर ठीक. दुसरं वैशिष्ट्य: त्यांना माणसं आवडत नाहीत. लोकांशी जवळून संबंध येणारी कामं ते टाळतात.

आता इथे थांबून विचार करा. त्या वेळी जे लोक नोकरीत होते त्यांचं वर्णन घेतलं, आणि तेच पुढच्या भरतीचं माप बनलं. या मापात बसणारे आत आले. मग पुढच्या वेळी मोजलं तर काय दिसणार? तेच! नेथन एन्समेंगर या इतिहासकाराने हे चक्र नीट दाखवून दिलंय. तुसडा, एकलकोंडा, दाढी वाढलेला प्रोग्रामर ही आपल्या डोक्यातली प्रतिमा काही निसर्गनियम नाही. ती बऱ्याच अंशी भरतीच्या फॉर्ममधून घडली. ज्या कामाची सुरुवात सहा तरुणींनी केली होती, ते वीस वर्षांत 'मुलांचं काम' वाटायला लागलं. यामागे एकच कारण नव्हतं, पण चाळणीचा वाटा मोठा होता. चाळणी धान्य निवडतेच, पण पुढच्या वर्षी काय पेरायचं हेही हळूच ठरवून टाकते.

याच संस्थेतून आणखी एक आकडा बाहेर पडला आणि आजतागायत फिरतोय. १९६८ साली सॅकमन, एरिकसन आणि ग्रँट यांनी एक प्रयोग छापला. प्रश्न साधा होता: कॉम्प्युटरसमोर बसून काम केलेलं बरं, की प्रोग्राम देऊन निकालाची वाट बघितलेली बरी? पण निकालात भलतंच दिसलं. चुका शोधायला सगळ्यात चपळ आणि सगळ्यात हळू माणसाला लागलेल्या वेळात २८ पट फरक होता. झालं! मूळ प्रश्न सगळे विसरले, २८ लक्षात राहिला. 'दहापट इंजिनिअर' ही जी आख्यायिका तुम्ही लिंक्डइनवर वाचता, तिच्या मुळाशी हा प्रयोग आहे.

त्यात अनुभवी प्रोग्रामर किती होते माहितीये? बारा. त्यातही सगळ्यांनी एकच भाषा वापरली नव्हती. कोणी यंत्राच्या भाषेत लिहिलं, कोणी सोप्या भाषेत. एक सायकलवर आणि एक स्कूटरवर, आणि आपण म्हणतोय की बघा, पायात किती फरक आहे! माणसामाणसांत फरक असतो, तो कोण नाकारतंय? पण हा २८ त्या फरकाचं माप नव्हे.

मॅनहोलचं झाकण आणि फिझबझ

पुढची काही वर्षं पटापट पळवतो. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या इंटरव्ह्यूतली कोडी गाजली. मॅनहोलचं झाकण गोल का असतं, वगैरे. २००४ मध्ये गूगलने अमेरिकेत हायवेवर एक होर्डिंग लावलं. कंपनीचं नाव नाही, फक्त एक गणित: 'ई' या संख्येच्या अंकांमध्ये सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा. उत्तर हाच एका वेबसाइटचा पत्ता. सोडवणारा पुढच्या कोड्यावर, आणि शेवटी थेट नोकरीच्या अर्जावर. मस्त कल्पना! पण २०१३ मध्ये गूगलच्याच मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लॅझलो बॉक यांनी जाहीरपणे सांगितलं की इंटरव्ह्यूतली कोडी म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय. त्यातून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र आपण फार हुशार आहोत असं वाटतं.

दरम्यान २००७ मध्ये एक अगदी उलटं टोक गाठलं गेलं. इम्रान घोरी यांनी लिहिलं की कठीण कोडी सोडा, उमेदवारांना फिझबझ द्या. हा इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांचा खेळ. एक ते शंभर आकडे छापा. तीनने भाग जात असेल तर आकड्याऐवजी 'फिझ', पाचने जात असेल तर 'बझ', दोन्हींनी जात असेल तर 'फिझबझ'. बस. यात एकच बारीक खड्डा आहे: तीनची तपासणी आधी करून मोकळे झालात तर पंधराला नुसतं 'फिझ' छापलं जातं.

घोरींचा दावा असा, की इतकंसुद्धा बऱ्याच जणांना येत नाही. जेफ ॲटवुड या प्रसिद्ध प्रोग्रामर लेखकाने हे उचललं आणि विचारलं, प्रोग्रामरना प्रोग्राम का लिहिता येत नाही? लेख वाऱ्यासारखा पसरला. आणि मग काय झालं असेल? वाचणाऱ्यांनी मूळ मुद्दा बाजूला ठेवून फिझबझ सोडवायला सुरुवात केली! कोणी कमीत कमी अक्षरांत, कोणी विचित्र भाषेत. ॲटवुडना पुन्हा लेख लिहून सांगावं लागलं की अहो, मी सोडवायला सांगितलं नव्हतं.

मग विनोदाला ऊत आला. कोणीतरी फिझबझची 'एंटरप्राइझ' आवृत्ती काढली. शंभरपर्यंत मोजायला फाइलींचा ढीग, फॅक्टरीवर फॅक्टरी, जावातल्या सरकारी कारभाराची नक्कल. २०१६ मध्ये जोएल ग्रुस यांनी एक काल्पनिक इंटरव्ह्यू लिहिला. त्यातला उमेदवार फिझबझसाठी न्यूरल नेटवर्क शिकवायला बसतो. एवढा खटाटोप करून शेवटी काही उत्तरं चुकतात आणि नोकरी जाते ती जातेच.

हा निव्वळ टाइमपास होता असं मला वाटत नाही. 'तुम्हाला काही येत नाही' असं कोणी म्हणालं, की त्या अपमानाला प्रोग्रामर असंच उत्तर देतो: नियम शब्दशः पाळून नियमाचीच टर उडवायची. दुधाच्या सहा पिशव्या!

आपल्याकडे हेच २०१७ मध्ये घडलं, पण त्यात विनोद नव्हता. ॲस्पायरिंग माइंड्स या कंपनीने पाचशेहून जास्त कॉलेजांतल्या ३६ हजारांहून अधिक इंजिनिअरिंगच्या मुलांना कोडिंगची चाचणी दिली आणि जाहीर केलं की बरोबर तर्क लिहिणारे ४.७७ टक्केच. पेपरांत मथळे आले, '९५ टक्के इंजिनिअर कुचकामी'. त्या वर्षी घरोघरी काकांनी ही बातमी फॉरवर्ड केली असेल! त्यातलं काही खरं होतंच, आपल्या कॉलेजांची अवस्था आपल्याला माहीत आहे. पण हेही बघा की आकडा जाहीर करणारी कंपनी स्वतः अशा चाचण्या विकायची. शिवाय चाचणीत जमलं नाही म्हणजे माणूस कुचकामी, ही उडी मथळ्याची आहे.

अमेरिकेतल्या ओरडीवर जोएल स्पोल्स्की यांनी २००५ मध्येच एक शहाणा मुद्दा मांडला होता. ज्याला नोकरी मिळते तो बाजारातून जातो. ज्याला मिळत नाही तो पन्नास ठिकाणी अर्ज टाकत राहतो. त्यामुळे प्रत्येक कंपनीला वाटतं की बहुतेक प्रोग्रामर टाकाऊ आहेत, पण सगळ्यांकडे तीच ती माणसं फिरून येत असतात. म्हणजे अर्जांच्या ढिगाकडे बघून अख्ख्या जमातीबद्दल बोलायचं नसतं.

तज्ज्ञ कुठे अडखळतात

आता माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टीकडे येतो. तिचं नाव बायनरी सर्च.

जाड शब्दकोशात शब्द शोधायचाय. मधोमध उघडता. शब्द पुढे आहे का मागे ते बघता. अर्धा भाग सोडून देता. उरलेल्याचा पुन्हा मध्य. एवढंच. दुसऱ्या सेमिस्टरचा विषय. ही पद्धत पहिल्यांदा मांडली गेली १९४६ मध्ये, आणि तीही त्याच मूर स्कूलमधल्या व्याख्यानांत, एनिॲकच्या घरी! पण डोनाल्ड कनूथ यांच्या इतिहासानुसार, बिनचूक बायनरी सर्च छापून यायला १९६२ उजाडलं. सोळा वर्षं.

ऐंशीच्या दशकात जॉन बेंटली यांनी शंभराहून जास्त व्यावसायिक प्रोग्रामरना हीच गोष्ट लिहायला दिली. आयबीएम आणि बेल लॅब्सची माणसं. वेळ भरपूर. नंतर त्यांनाच तपासायला सांगितलं. नव्वद टक्के लोकांना स्वतःच्याच प्रोग्राममध्ये चुका सापडल्या. मग बेंटलींनी आपल्या पुस्तकात ते कसं बरोबर लिहायचं ते दाखवलं, गणिती सिद्धतेसकट.

गोष्ट इथे संपली असती तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या. पण २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलं की बेंटलींच्या त्या सिद्ध केलेल्या प्रोग्राममध्ये चूक आहे. ब्लॉक विद्यार्थी असताना बेंटलींच्या व्याख्यानाला बसले होते. जावाच्या लायब्ररीतलं बायनरी सर्च त्यांनी स्वतः लिहिलं होतं. त्यातही तीच चूक, आणि ती सुमारे नऊ वर्षं कोणाला दिसली नव्हती.

चूक काय? मध्य काढताना पहिला क्रमांक आणि शेवटचा क्रमांक यांची बेरीज करून दोनने भागायचं. शाळेतलं गणित. पण जावाच्या साध्या पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या आहे २,१४,७४,८३,६४७. बेरीज त्यापुढे गेली की जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखी ती उलटते, आणि इथे तर थेट ऋण होते. यादीत शंभर कोटींच्या पुढे नोंदी असतील तरच हे होतं. १९८६ मध्ये एवढी मोठी यादी कोणाच्या स्वप्नात नव्हती. गूगलच्या काळात आली. दुरुस्ती एका ओळीची आहे: दोघांची बेरीज करू नका, दोघांमधल्या अंतराचं अर्ध करा आणि ते पहिल्यात मिळवा.

१९८६ मध्ये वर्गात एखाद्या पोराने हात वर करून विचारलं असतं, "सर, पण यादी शंभर कोटींची असेल तर?" तर सगळे हसले असते. फालतू शंका म्हणून खाली बसवलं असतं. आणि वीस वर्षांनी तोच बरोबर ठरला असता.

मग हुशारी म्हणजे काय?

इतकी वर्षं आपण मोजलं काय? आकड्यांची मालिका, स्वभाव, वेग, कोडी, आणि आता लीटकोड. २०१५ मध्ये मॅक्स हॉवेल यांनी वैतागून ट्वीट केलं होतं: गूगलने त्यांना सांगितलं की आमचे नव्वद टक्के इंजिनिअर तुझं होमब्रू वापरतात, पण तुला फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता येत नाही, तेव्हा चालायला लाग. गूगलची बाजूही समजू शकते. चांगलं सॉफ्टवेअर बनवणं आणि झाडं-फांद्यांचं गणित येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि एखाद्या कामाला दुसरं लागतंही. पण कुठल्या कामाला काय लागतं, हा प्रश्न न विचारता सगळ्यांना एकाच फळ्यासमोर उभं केलं की असंच होणार.

या सगळ्या गोष्टींतून मला एक धागा दिसतो. बेटी स्नायडर यांनी स्विच बदलला, ब्लॉक यांनी स्वतःच्या ओळीवर शंका घेतली. दोन्हीकडे कामाला आली ती कीस पाडायची सवय. शून्य असेल तर? रिकामं असेल तर? एकदा जास्त फिरलं तर? आपण ज्याला खवचटपणा म्हणून हसतो, तोच या धंद्यातला कसबाचा भाग आहे. फक्त तो कोडवर वापरायचा असतो, समोरच्या माणसावर नाही. मीटिंगमध्ये ज्युनिअरच्या स्पेलिंगवर अडून बसणारा आणि स्वतःच्या प्रोग्रामला कधीच प्रश्न न विचारणारा, असा एक नमुना प्रत्येक ऑफिसात असतो. तो कीस पाडत नाही, नुसता किसणी घेऊन फिरतो.

आणि हे कसब एकाही परीक्षेने धड मोजलेलं नाही. सगळ्या परीक्षांना उत्तर हवं असतं, लवकर. शंका घेणारा तिथे हळू दिसतो.

म्हणून दोन गोष्टी. इंटरव्ह्यू देणाऱ्यांनो, पाण्याच्या टाक्या आणि लीटकोड करावंच लागेल, त्यातून सुटका नाही. पण समोर प्रश्न आला की लगेच लिहायला घेऊ नका. आधी विचारा, यादी रिकामी असू शकते का, आकडे ऋण असू शकतात का. आणि नापास झालात तर त्या चाळणीत अडकलात एवढंच. तुमच्याबद्दलचा तो शेवटचा शब्द नाही. इतिहास बघितलात ना, चाळणीच किती वेळा चुकलीये?

आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनो, मीही आता तुमच्याच बाजूला बसतो, तर एक करून बघू. एआय आता फिझबझ क्षणात लिहून देतं. मग लिहायला कशाला सांगायचं? व्यवस्थित चालणारा, दिसायला देखणा, पण आत एक खड्डा असलेला प्रोग्राम समोर ठेवू आणि विचारू, "हा कुठे फुटेल?" मग गप्प बसून ऐकू.

तुम्हाला इंटरव्ह्यूत विचारलेला सगळ्यात अजब प्रश्न कोणता, ते कळवा. कंपनीचं नाव नको, प्रश्न पुरे. आणि हो, या भागात कुठे एखादा आकडा चुकला असेल तर जरूर कीस पाडा. पुढच्या भागात भेटू. तोवर दूध आणायला गेलात तर नीट विचारून जा!